शुश्रूषा केंद्रात ड्युटी बदलताना निरोप गळतात. काय करावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगली-मिरज रस्त्याच्या आतल्या बाजूला असलेल्या एका शुश्रूषा केंद्राचं रोजचं व्यवस्थापन मी बघते. मी नर्स नाही, डॉक्टरही नाही. पगार, ड्युट्या, किराणा, नातेवाईक आणि भांडणं हे माझं खातं. आमच्याकडचे आजी-आजोबा बहुतेक अंथरुणाला खिळलेले आहेत: पक्षाघात झालेले, खुब्याचं ऑपरेशन होऊन आलेले, काही स्मृतिभ्रंशाचे. खाटा तीस. दिवसा दोन सिस्टर, रात्री एक सिस्टर किंवा ब्रदर, बाकी सगळा भार मावशी आणि मामांवर. डॉक्टर संध्याकाळी राउंडला येतात, एरवी फोनवर.

आमची माणसं कामाला वाईट नाहीत. पण एका पाळीला माहीत असलेलं दुसऱ्या पाळीपर्यंत पोचत नाही. एका आजोबांची बायॉप्सी ठरली होती म्हणून डॉक्टरांनी त्यांची रक्त पातळ करायची गोळी थांबवायला सांगितली. दुपारच्या सिस्टरने ऐकलं, गोळी दिली नाही. केसपेपरवर मात्र ती तशीच राहिली, आणि रात्रीच्या सिस्टरने कागद बघून दिली. बायॉप्सी पुढे गेली, एवढ्यावर निभावलं. दुसरीकडे एका आजींना तीन दिवस शौचाला झालेलं नाही हे चौथ्या दिवशी पोट फुगल्यावर कळलं. प्रत्येक पाळीतल्या मावशीला वाटत होतं की मागच्या पाळीत झालं असेल.

आमच्याकडे रजिस्टर आहे, व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, महिन्याला मीटिंग असते. मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात. ज्यांनी अशा ठिकाणी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सांगावं, नक्की कुठे हात घालू?

पांढरा_गणवेश

ताई, आयुष्य मिरजेच्या वॉर्डांत गेलं, आता निवृत्त आहे, म्हणून हक्काने सांगते. रजिस्टरात "सर्व पेशंट ठीक" हे लिहायला आधी बंदी घाला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती आहे हे सांगलीत कुणी "वाढलंय थोडं" असं सांगतं का? फूट आणि इंच सांगतात, धोक्याची पातळी ४५ फूट हे पोराटोरांनाही पाठ असतं. आणि अंथरुणावरच्या माणसाबद्दल मात्र "ठीक"! लघवी किती झाली, ताप किती, किती पोळ्या खाल्ल्या, पाठ कशी आहे, शेवटचं शौचाला कधी, हे आकड्यात आणि तारखेत लिहायचं. "परवा झाली" असंसुद्धा नको.

दुसरं, चार्ज (पाळी बदलताना पेशंट पुढच्या माणसाकडे सोपवणं) टेबलापाशी बसून द्यायचा नाही, खाटेशी उभं राहून द्यायचा. जाणारी आणि येणारी दोघींनी मिळून प्रत्येक खाट फिरायची. कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी दोघींनी बघायची, रायल्स ट्यूबवरची (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीवरची) खूण जागेवर आहे का ते बघायचं, ऑक्सिजनचा काटा बघायचा, आणि पेशंट कुशीवर वळवून माकडहाडापाशी कातडी लाल झाली आहे का ते बघायचं. अंथरुणाला खिळलेल्याची पोझिशन दर २ तासांनी बदलायची असते हे सगळ्यांना पाठ आहे, पण "मागची पोझिशन कुठली होती" हे विचारल्याशिवाय नवी मावशी परत त्याच कुशीवर वळवते. म्हणून जखमा होतात, आळसामुळे नव्हे.

आणि खाटेशी चार्ज दिला की पेशंट स्वतः बोलतो! "अगं, मला सकाळपासून उलटी होतेय," हे टेबलावर कळत नाही.

स्टेथो_आणि_भडंग

धागा बघून आलो. माझं छोटं नर्सिंग होम आहे, शिवाय अशाच दोन केंद्रांना फोनवरून बघतो. सिस्टरबाईंना शंभर टक्के अनुमोदन, पण डॉक्टरची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

रात्री २ वाजता फोन येतो. "सर, सात नंबरच्या आजी बऱ्या वाटत नाहीत." बऱ्या वाटत नाहीत म्हणजे काय? मग मी विचारतो, बीपी? "बघते सर." शुगर? "बघते सर." औषधं कोणती चालू? "फाइल आणते सर." दहा मिनिटं जातात, मी चिडतो आणि तिकडची सिस्टर घाबरते.

यावर जगभर वापरली जाणारी साधी पद्धत आहे, एसबार म्हणतात. मूळ अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधलं, तिथून कैसर परमनंटे या रुग्णालय साखळीने ते वैद्यकात आणलं. चार गोष्टी याच क्रमाने सांगायच्या: आत्ता काय झालंय, मागची हकिकत काय, मला काय वाटतंय, आणि तुमच्याकडून काय हवंय. नमुना देतो:

"सर, नाईटची सिस्टर बोलतेय, खाट ७ च्या आजींबद्दल. तासाभरापासून गुंगीत आहेत, हाक मारली की डोळे उघडतात पण उत्तर देत नाहीत. वय ७८, साखरेची गोळी ग्लिमेपिराइड चालू आहे, रात्री जेवल्या नाहीत. शुगर ५८ आली. मला वाटतं साखर उतरली आहे. गिळण्याइतक्या शुद्धीत नाहीत म्हणून तोंडाने काही दिलं नाही. शिरेतून ग्लुकोज लावू का?"

अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मला उत्तर एका शब्दात देता येतं, आणि पुढचं सांगता येतं की या गोळीने उतरलेली साखर परत उतरू शकते, तेव्हा तासातासाने बघा, नाहीतर हॉस्पिटलला हलवा. फोनशेजारी भिंतीवर चार ओळींचा कागद चिकटवा. फोन उचलायच्या आधी बीपी, नाडी, ताप, ऑक्सिजन आणि शुगर हातात हवं.

आणि तोंडी दिलेली ऑर्डर सिस्टरने लिहून परत वाचून दाखवायची. मी "हो, बरोबर" म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. तुमच्या बायॉप्सीवाल्या आजोबांच्या बाबतीत नेमकं हेच राहिलं. ऐकलं, पण कागदावर उतरलं नाही.

जतचा_ब्रदर

डॉक्टर, नमस्कार. तुमचा चार ओळींचा कागद चांगलाय. त्यातली तिसरी ओळ, "मला काय वाटतंय", ही आम्ही बोलायची म्हटलं तर काय होतं सांगू? एका ठिकाणी मी फोनवर म्हणालो, "सर, मला वाटतं छातीत कफ झालाय, न्यूमोनिया असेल." पलीकडून उत्तर, "तू डॉक्टर आहेस का?" त्यानंतर वाटायचं बंद झालं. रात्री काहीही झालं तरी मी विचार करायचो, सकाळपर्यंत निभेल का? नाइटला असलेली निम्मी मंडळी हाच हिशेब करते. निरोप गळतो तो विसरण्यामुळे कमी, बोलणी खायच्या भीतीने जास्त.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही ती बसची. सकाळी ८ ला ड्युटी बदलते. मला गावाकडं जायला एसटी ८ वाजून ५ मिनिटांनी. ती चुकली तर पुढची दुपारच्या आत नाही. येणारी सिस्टर तासगावाकडून येते, तिची बस ८ नंतर पोचते. आता सांगा, खाटेशी उभा राहून चार्ज कुणाला देऊ? खुर्चीला? म्हणून टेबलावर चिठ्ठी ठेवून पळतो. कुणाला बेजबाबदार म्हणायचं असेल तर म्हणा.

तिसरं भाषेचं. माझ्या घरात कन्नड. मिरजेत आमच्याबरोबर केरळच्या सिस्टर होत्या, त्या इंग्रजीत लिहायच्या. मावशींना ते वाचता येत नाही. मावशी जे सांगतात ते मराठीत, ते इंग्रजीत लिहिलंच जात नाही. औषधाच्या बाबतीत "दीड", "अडीच" असं तोंडी सांगू नका, नव्या पोरांचा गोंधळ होतो. १.५ आणि २.५ लिहून दाखवा.

स्टेथो_आणि_भडंग

ब्रदर, बोललात ते लागलं, पण खोटं म्हणता येत नाही. माझा मुद्दा एवढाच की दहा वेळा गरज नसताना फोन आला की अकराव्या वेळी माणूस चिडतोच. डॉक्टरलाही झोप असते.

जतचा_ब्रदर

असते की. पण नऊ फोन फुकट गेले तरी दहाव्याला आजी वाचतात, आणि ते नऊ फोन कमी करायचे तर चार ओळींचा कागद आहेच. फक्त ओरडायचं नाही, एवढं तुमच्या बाजूने धरा.

विश्रामबाग_कोडर

एवढी चर्चा कशाला? एक अॅप करून टाका. प्रत्येक खाटेला क्यूआर कोड, स्कॅन केलं की सगळी हिस्टरी. मी आठवड्यात करून देतो, फुकट.

पांढरा_गणवेश

बाळा, हातात मोजे असतात, मोज्यांना काय लागलेलं असतं ते विचारू नकोस. क्यूआर कोड कोण स्कॅन करणार?

विश्रामबाग_कोडर

😄 मान्य. पण व्हॉट्सअॅप ग्रुपबद्दल तरी ऐका. "सात नंबरचं कॅथेटर बदललं" हा मेसेज गुड मॉर्निंग, वाढदिवस आणि सुट्टीच्या मागण्यांखाली तासाभरात गाडला जातो. निळ्या टिका दिसल्या म्हणजे वाचलं असंही नाही, नुसता ग्रुप उघडला तरी टिक पडते. आणि त्यात जखमांचे, डायपरचे फोटो टाकता ना? ती माणसाची खाजगी वैद्यकीय माहिती आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा येऊन गेलाय. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या मोबाइलमध्ये ते फोटो आजही असतील. ग्रुप सुट्ट्यांसाठी ठेवा, पेशंटसाठी नको.

कृष्णाकाठ

कोडर, हा मुद्दा मनावर घेतला. आमच्या ग्रुपवरचे असे फोटो आजच काढायला लावते.

ब्रदर, बसचं तुम्ही बोललात आणि मी आमची हजेरी घेऊन बसले. आमच्या रात्रीच्या लोकांचंही तेच आहे. मी इतके दिवस "चार्ज नीट देत नाहीत" म्हणत होते, आणि दोघं एकमेकांना भेटतच नव्हते!

हळदपेठ

व्यापारी माणूस आहे, वडील अशाच एका ठिकाणी होते म्हणून लिहितो. तुम्ही सगळे कागद, कार्डं, इंग्रजी नावं बोलताय. मावशीला पगार किती देता ते आधी सांगा. ब्युरोकडून आलेली बाई दोन महिन्यांत दुसरीकडे जाते, कारण तिकडे हजार रुपये जास्त. वडिलांना कुठल्या कुशीवर झोपलं की बरं वाटतं हे एका मावशीला पक्कं ठाऊक होतं. ती गेली आणि ते ज्ञान तिच्याबरोबर गेलं. कुणी कुठे लिहून ठेवलं होतं? कारण "मावशीचं काय लिहायचं" असा सगळीकडे समज असतो.

आणि ताई, ड्युटीची पंधरा मिनिटं एकमेकांवर चढवायची असतील तर त्या पंधरा मिनिटांचे पैसे द्या. फुकटात थांबा म्हणाल तर पहिला आठवडा थांबतील.

नर्सिंग_ट्यूटर

एएनएम आणि जीएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमांच्या मुलींना शिकवते. हळदपेठ काकांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय, तिथूनच पुढे सांगते.

अमेरिकेतल्या नर्सिंग होम्ससाठी इंटरॅक्ट नावाचा कार्यक्रम आहे. पेशंटला उगीच हॉस्पिटलमध्ये हलवावं लागू नये म्हणून बिघाड लवकर ओळखायचा, हा त्याचा हेतू. त्यात "स्टॉप अँड वॉच" नावाचं एक छोटं कार्ड आहे आणि ते नर्ससाठी नसून आंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या मदतनिसांसाठी आहे. त्यात निदान विचारलेलं नाही. नेहमीपेक्षा वेगळे वाटतात का, कमी बोलतात का, कमी खाल्लं का, कमी पाणी प्यायले का, दुखतंय का, शौचाला झालंय का, चिडचिड किंवा जास्त झोप आहे का, कातडीचा रंग बदलला का, उठायला नेहमीपेक्षा जास्त आधार लागला का, असं विचारलंय. मदतनिसाने खूण करायची आणि नर्सच्या हातात द्यायची. नर्सने मग जाऊन बघायचं.

याचं महत्त्व म्हाताऱ्या माणसात विशेष आहे. तरुणाला लघवीचा जंतुसंसर्ग झाला तर ताप येतो, जळजळ होते. ऐंशीच्या आजींना यातलं काहीच न होता नुसता भ्रम होतो. काल नातवाचं नाव सांगत होत्या, आज मावशीला "तू कोण?" म्हणतात. स्मृतिभ्रंश वाढला असं समजून सगळे सोडून देतात. हा फरक सर्वांत आधी त्या मावशीला कळतो, जी रोज त्यांची वेणी घालते. डॉक्टर पाच मिनिटं भेटतात, त्यांना कालच्या आजी आणि आजच्या आजी यांतलं अंतर कुठून कळणार? पण मावशीला कुणी विचारत नाही आणि तिने सांगितलं तर "तुम्ही तुमचं काम बघा" म्हणतात.

माझा सल्ला, हे कार्ड मराठीत करा आणि चित्रांचं करा: ताट, पेला, चेहरा, काठी, पाठ. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही गोल करावा. आणि एक कडक नियम ठेवा. कार्ड आलं की सिस्टरने त्यामागे "बघितलं, असं असं आढळलं" एवढं लिहून मावशीला सांगायचं. तिला उत्तर मिळालं नाही तर चौथ्या दिवसापासून कार्ड येणार नाही.

जाता जाता इन्सुलिनचं, कारण ताईंकडे मधुमेही असणारच. आपल्याकडे वायल (इन्सुलिनची बाटली) बहुतेक मिलिलिटरला ४० युनिटची येते, तिची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटची सिरिंज केशरी टोपीची. १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने आकडा बघून भरलं तर अडीचपट डोस जातो. चार्ज देताना "१२ दिलं" पुरेसं नाही. कुठल्या वायलमधलं आणि कुठल्या सिरिंजने, हेही सांगा. आणि युनिटसाठी नुसतं इंग्रजी यू अक्षर लिहायचं नाही. घाईत ते शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात. "युनिट" हा पूर्ण शब्द लिहायचा.

पांढरा_गणवेश

ट्यूटर मॅडम, लाल-केशरी टोपीचं सोन्याच्या अक्षरात लिहून लावायला हवं. +१.

कोथरूडची_लेक

मी दुसऱ्या बाजूची. आई सांगलीत अशाच केंद्रात आहे (ताईंच्याच असेल तर मला माहीत नाही, आणि नको सांगायला 🙂). सकाळी फोन केला तर "छान जेवल्या", संध्याकाळी "दोन दिवस जेवत नाहीत". भाऊ दुबईहून फोन करतो, त्याला तिसरंच सांगितलं जातं. मग आम्ही भावंडं एकमेकांशी भांडतो.

मला माहितीचा पूर नको आहे. दिवसातून ठरलेल्या वेळी एकाच व्यक्तीने नोंद समोर ठेवून सांगावं. आणि माझ्याशी बोलणाऱ्या मावशीला "मॅडमना विचारा" म्हणायची मुभा असावी. तिला "छान आहेत" म्हणावंच लागतं, कारण नाहीतर मी तिच्यावरच चिडते हे मलाही कळतं.

एक प्रश्न. नर्सिंग होम नोंदणीचा १९४९ चा कायदा आहे, २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितली. आजाराची माहिती मिळणं त्यात येतं. मग केसपेपर बघायला मागितला की चेहरे का पडतात?

स्टेथो_आणि_भडंग

चेहरे पडतात कारण केसपेपर अर्धा कोरा असतो. 😅 गंमत सोडा, पण हेच खरं आहे. नोंदी चांगल्या असतील तर दाखवायला कुणी घाबरत नाही.

बाकी नातेवाइकांनीही एकच प्रतिनिधी ठरवावा. एका आजोबांचे पाच जण पाच वेळा फोन करतात, तेव्हा सिस्टर दिवसभर फोनवर असते आणि आजोबा ओले राहतात.

वाडीकर

धागा उशिरा वाचला. सांगलीवाडीचा आहे, २०१९ च्या पुराचा एक अनुभव टाकतो, ह्या विषयाला धरून आहे.

पाणी चढलं तेव्हा आमच्या ओळखीतल्या एका ठिकाणचे पेशंट रातोरात हलवावे लागले. नेहमीचा स्टाफ नदीच्या अलीकडे-पलीकडे अडकलेला. जे हजर होते त्यांच्यात एक मामा आणि एक नवीन सिस्टर. पेशंट बोटीत आणि ट्रॅक्टरमध्ये बसवले, फाइली मात्र कपाटात राहिल्या. उतरवलेल्या ठिकाणी डॉक्टर विचारतायत, ह्यांना कुठली औषधं चालू, ह्यांना कशाची अॅलर्जी, ह्या आजींना घट्ट जेवण चालतं की नळीने? मामाला तोंडपाठ होतं. सगळं नाही, पण निम्म्याहून जास्त. त्याने एकेकाचं सांगितलं आणि तिथल्या पोरींनी लिहून घेतलं.

तेव्हापासून त्या ठिकाणी प्रत्येकाच्या उशाशी प्लॅस्टिकच्या पाकिटात एक पान असतं. नाव, आजार, औषधं, अॅलर्जी, जेवण कसं, नातेवाईक कोण. पेशंट हलला की पान त्याच्याबरोबर हलतं. तेच पान नव्या मावशीला पहिल्या दिवशी वाचून दाखवतात. हळदपेठ म्हणतात ते "कुठल्या कुशीवर बरं वाटतं" हेसुद्धा त्यावर लिहितात.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. मधे गप्प होते कारण करून बघत होते. आता काय झालं ते सांगते, काही जमलंय, काही नाही.

रात्रपाळी आता ७:३० ला सुटते आणि सकाळची ७:१५ ला सुरू होते. ज्यांची बस त्या वेळेला पोचत नाही त्यांना दुपारची पाळी दिली. त्यावरून एका सिस्टरशी वाद झाला आणि तो अजून पूर्ण मिटलेला नाही. त्या पंधरा मिनिटांचे पैसे द्यायला मालक आधी तयार नव्हते. मग मी हलवाहलवीचा खर्च मांडला: एका आजोबांना अॅडमिट करावं लागलं की अँब्युलन्स, नातेवाइकांचा मनस्ताप आणि रिकामी खाट. तेव्हा हो म्हणाले. हळदपेठ काका, हिशेब तुमच्या भाषेतच मांडला.

खाटेशी चार्ज पहिल्या दिवशी तासभर चालला, सगळे वैतागले. आता सिस्टरने सगळ्या तीस खाटा बोलत फिरायचं बंद केलं. ज्यांच्यात काही बदल आहे तिथे थांबायचं, बाकी ठिकाणी फक्त नजर आणि आकडे. मावशी-मामांनी त्यांच्या त्यांच्या खाटांचा चार्ज एकमेकांना द्यायचा, शौचाला झाल्याची तारीख आणि शेवटची कूस ह्या दोन गोष्टी हमखास.

चित्रांचं कार्ड आमच्याच एका मामांच्या मुलीने काढून दिलं. पहिल्या आठवड्यात कार्ड शून्य. मावशींना वाटलं, आपण चुगली करतोय. ट्यूटर मॅडमनी सांगितलेला उत्तर द्यायचा नियम लावला, त्यानंतर एका मावशीने "कमी पाणी, जास्त झोप" असं गोल करून दिलं. सिस्टरने बघितलं तर तोंड सुकलेलं, लघवी गडद. डॉक्टरांना चार ओळींत फोन गेला, उपचार इथेच झाले. त्या मावशीचं नाव सगळ्यांसमोर घेतलं. त्यानंतर कार्डं येतायत, काही उगीचची पण येतात. येऊ देत.

जमलं नाही ते हे: आमचे डॉक्टर (स्टेथो नव्हे हो!) परत वाचून दाखवायला लागलं की "हो हो कळलं" म्हणून फोन ठेवतात. सिस्टर दुसऱ्यांदा फोन लावायला कचरते. ह्यावर उपाय आहे का?

पांढरा_गणवेश

आहे. तुम्ही स्वतः डॉक्टरांना सांगा, सिस्टरला सांगायला लावू नका. आणि राउंडला आले की त्या दिवसाच्या तोंडी ऑर्डर एका वहीत लिहून समोर ठेवा, सही केल्याशिवाय चहा देऊ नका.

स्टेथो_आणि_भडंग

चहाची धमकी चालेल. त्यांना म्हणावं, उद्या काही कमीजास्त झालं आणि प्रकरण कोर्टात गेलं तर "मी फोनवर सांगितलं होतं" ह्याला सहीशिवाय काडीचा आधार नाही. आपल्या जमातीला ही भाषा लगेच कळते.

जतचा_ब्रदर

ताई, ७:३० ला सुटका होते म्हणताय? जागा आहे का तुमच्याकडं?

कृष्णाकाठ

रात्रीला एक जागा आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पगाराचंही तिथेच बोलू.